राख पडलेल्या गावातल्या दोघी

माझं शिलाईचं दुकान धाराशिवात आहे. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, भिंतीला आरसा आणि दारात बसायला एक बाकडं. दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. त्या वेळात मी हाताची कामं काढते. साडीला फॉल लावायचा, ब्लाऊजला हुक लावायचे, ओढणीचे काठ तुरपायचे. हाताला काम असतं आणि कान मोकळे असतात. आधी रेडिओ लावायची, मग मोबाईलवर गाणी लावायला लागले, आणि गेल्या उन्हाळ्यापासून कार्टून बघते.

"कार्टून नको म्हणू," माझी मुलगी दर वेळी चिडते. "ॲनिमे म्हण. ते वेगळं असतं."

ती लातूरला कॉलेजात आहे. सुट्टीला घरी आली की तिला करमत नाही, म्हणून दुपारी माझ्यापाशी येऊन बसते. एक दिवस तिनं मोबाईल सुईदोऱ्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "आई, एकच भाग बघ. नाही आवडला तर बंद करू."

"कशाचं हाय?"

"जग संपतं, त्याचं."

"अगं, मग भर दुपारी कशाला? आधीच ऊन काय कमी हाय का?"

पण तिनं लावलंच. तिला ते जपानीतूनच ऐकायचं होतं आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचायच्या होत्या. मी म्हणाले, माझे डोळे सुईवर आहेत, मी वाचू कशानं? हिंदी असेल तर लाव. तिनं असं तोंड केलं की जणू मी बिर्याणीत साखर घातली. तरी शेवटी हिंदी लावलं.

गोष्ट अशी. डोंगराच्या उतारावर एक छोटं गाव असतं. एक दिवस वरून राख पडायला लागते आणि थांबतच नाही. पिकं जातात, वीज जाते, आणि गावातली माणसं शेवटच्या रेल्वेत बसून उत्तरेला निघून जातात. मागं दोन पोरी राहतात. एक उंच, चष्मेवाली, मोजकं बोलणारी. दुसरी ठेंगणी आणि तोंडाळ. एकाच शाळेतल्या, पण आजवर एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. गावात लोकांसाठी बांधलेलं एक मोठं न्हाणीघर असतं. त्याची भट्टी अजून पेटते, पाणी गरम होतं, म्हणून दोघी तिथं राहायला येतात.

मला वाटलं, आता एखादा राक्षस येणार, मारामारी होणार. तसलं काही झालं नाही. त्या दोघींनी मधे चादर टांगून खोली वाटून घेतली. चादरीला एक भोक होतं. ते भोक कुणाच्या बाजूचं, यावरून त्या भांडायला लागल्या. बाहेर जग बुडालंय आणि आत ह्या भोकावरून एकमेकींची आई-माई काढतायत.

माझी सुई थांबली. मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काही थांबेना. पोरगी घाबरली.

"आई, काय झालं? बंद करू का?"

"बंद कशाला करतीस? फुडचा भाग लाव," मी पदरानं डोळे पुसत म्हणाले. "ही तर आमचीच गोष्ट हाय."

मग तिला सगळं सांगावं लागलं. त्र्याण्णव साली आमच्याकडं भूकंप झाला होता एवढं तिला माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी टीव्हीवर दाखवतात ते बघितलेलं. पण तिच्या आईचं त्यात काय झालं, हे मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

मी दहा वर्षांची होते. आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून जवळ. पहाटे जमीन हलली. गावातली मोठी घरं दगड-मातीची, भिंती हातभर जाड, वर माळवदाला मातीचा थर. ती घरं जागच्या जागी बसली. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाच्या कडेला. आमची घरं कुडाची आणि पत्र्याची. ती कलली, वाकली, पण कुणाच्या छातीवर बसली नाहीत. माझे वडील पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे, "मोठं घर बांधायची ऐपत नव्हती म्हणून आपण ऱ्हायलो." हे ते हसत म्हणायचे आणि मग गप्प व्हायचे, कारण त्या मोठ्या घरांतून माणसं काढायला ते दोन दिवस खपले होते.

त्या दिवसाबद्दल मी जास्त सांगत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या दोन वर्षांचं.

गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडांच्या रांगा उभ्या राहिल्या. कुणाला कुठलं शेड, ते यादीत नाव येईल तसं. त्यामुळं जुन्या गावातल्या गल्ल्या आणि वस्त्या पत्त्यांसारख्या पिसल्या गेल्या. ज्यांच्या दारात आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो, ते आता शेजारी. आमच्या शेडला लागून गावच्या टेलरचं बिऱ्हाड आलं. टेलर मुसलमान, मशिदीजवळच्या गल्लीतले. त्यांची बायको घराखाली गेली होती. राहिले ते आणि त्यांची मुलगी. ती माझ्याच वयाची, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. ती त्या गल्लीतली, मी ह्या वस्तीतली.

दोन शेडांच्या मधे एकच पत्रा. पहिल्याच दुपारी मी आडवी पडले होते. पलीकडून ठक्‌ठक्‌ झालं आणि माझ्या डोक्याच्या वीतभर वर एक खिळा आत आला. मी दगड घेतला आणि ठोकून तो परत पाठवला. पलीकडं काहीतरी धप्पकन पडलं. पुन्हा ठक्‌ठक्‌. पुन्हा खिळा. मी पुन्हा दगड घेतला. तिसऱ्या खेपेला खिळा सुटून माझ्याच बाजूला पडला. मी तो मुठीत धरला आणि श्वास रोखून बसले.

थोड्या वेळानं भोकातून आवाज आला. "ए. खिळा आमचा हाय."

"आमच्या घरात आलाय. आता आमचा."

"मला दप्तर टांगायचंय."

"मग गळ्यात टांग."

पलीकडं ती पत्र्याजवळ सरकली. मग हळू आवाज आला, "दप्तरात काय बी न्हाय. नुसतंच टांगायचंय."

मूठ उघडली. मी खिळा भोकातून परत ढकलला. ढकलताना भोक आणखी मोठं झालं आणि पलीकडून एक डोळा दिसला. त्या डोळ्यालाही माझा डोळा दिसला असणार. आमची ओळख झाली ती अशी, एकेका डोळ्याची. अख्खा चेहरा दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत बघितला.

त्या रांगेचंही सांगते. जुन्या गावात आमचं पाणी वेगळं होतं. माळावर मात्र एकच टँकर, एकच रांग. संकटात सगळे एक होतात असं भाषणात म्हणतात. काही होतात, काही होत नाहीत. एक बाई रोज माझ्या घागरीपासून आपली घागर दोन हात लांब सरकवून ठेवायच्या. माझ्या ह्या नव्या शेजारणीनं ते दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपली कळशी आणली आणि बरोबर त्या दोन हातांच्या जागेत घुसवली. एका अंगानं माझ्या घागरीला टेकलेली, दुसऱ्या अंगानं त्या बाईंच्या.

"मावशी, जागा लई कमी हाय बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता समद्याच एकमेकीला लागल्या. काय करता!"

बाईंनी घागर सरकवायला मागं बघितलं, तर मागच्या बायका ओरडायला लागल्या, "फुडं चला की ओ!" बाई पुढं गेल्या. त्यानंतर त्यांचं ते सरकवणं थांबलं. मन बदललं की कंटाळा आला, कोण जाणे. मला मात्र त्या दिवशी कळलं की ही पोरगी खिळ्यापुरती नाही.

मग कपड्यांचे ट्रक आले. कुठून कुठून लोकांनी गठ्ठे पाठवले होते. देणाऱ्यांचं मन मोठं, पण आमच्या माळाचं ऊन त्यांना माहीत नसावं. लोकरीचे ओव्हरकोट, गळ्याचे टाय, झालरीचे झगे, एकएकटे मोजे. आमच्या वडिलांना सोनेरी बटणांचा गुडघ्यापर्यंतचा कोट मिळाला. दुसरं धड काही नव्हतं, म्हणून तोच घालून ते रानात गेले. शेजाऱ्याचा बैल त्यांना बघून दावं तोडून पळाला. आईला चकाकत्या कापडाचा एक लांब झगा मिळाला. तिनं तो दाराला पडदा म्हणून लावला. वारा आला की वाटायचं, दारात कुणीतरी मडमबाई नाचायलीय.

टेलरचाचांची मशीन ढिगाऱ्याखाली होती. माझ्या वडिलांनी आणि आणखी तिघांनी ती उकरून काढली. खालचा सांगाडा मोडला होता, वरचं डोकं शाबूत. हातानं फिरवायचं चाक बसवून ती एका लाकडी खोक्यावर ठेवली. पण चाचा तिला हात लावत नव्हते. दिवसभर दारात बसायचे आणि माळाकडं बघायचे.

शेवटी माझी आई वडिलांचा तो कोट घेऊन त्यांच्या दारात गेली. मी मागं होते.

"मास्तर, ह्या कोटाचं काय तरी करा. मालक घालून फिरायलेत आणि लोकं हसायलेत."

चाचांनी कोट घेतला. उलटा केला. अस्तरावरून बोट फिरवलं. बराच वेळ शिलाई बघत राहिले.

"काम लई चांगलं हाय," ते म्हणाले. त्यांचं माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, "पण उसवायचं कोण?"

आईनं मला पुढं ढकललं. "ही हाय की. रिकामीच हाय."

आतून त्यांची मुलगी बाहेर आली. चाचांनी दाढीचं एक ब्लेड मधोमध मोडलं. अर्धं तिला, अर्धं मला. ह्या धंद्यात माझी सुरुवात झाली ती त्या अर्ध्या ब्लेडानं.

आम्ही दोघी दिवसभर उसवायचो. टाके कापायचे, दोरे ओढायचे, कापड झटकायचं. चाचा त्यातून नवं शिवायचे. ओव्हरकोटाची दप्तरं झाली, लहानग्यांच्या बंड्या झाल्या. टायच्या नाड्या झाल्या. चकाकत्या अस्तरांचे परकर झाले. पण शिवणाऱ्याचे हात दोन आणि लोक सगळा माळ. त्यामुळं आधी ज्याला जे मिळालं ते त्यानं तसंच घातलं.

आणि अशात शाळा सुरू झाली. लिंबाच्या झाडाखाली, मोकळ्या जमिनीवर. आमच्या गुरुजींच्या घरातलीही माणसं गेली होती. ते आले, खुर्ची नव्हती म्हणून दगडावर बसले, आणि खाली मान घालून हजेरी घ्यायला लागले. एकेका नावावर थांबत होते. काही नावं ते मनातच वाचत होते. आम्हाला ते कळत होतं.

हजेरी संपली आणि त्यांनी मान वर केली. समोर आम्ही. माझ्या अंगात मखमलीचा फ्रॉक, गळ्याला केसाळ कॉलर. माझ्या शेजारी ती. बाप्या माणसाचं जाकीट गुडघ्याच्या खाली आलेलं, वेणीला लाल टाय. पुढच्या ओळीत पहिलीतली एक चिमुरडी, डोक्यावर बायकांची फुलाफुलांची टोपी, ती पार नाकापर्यंत आलेली. तिला फळा दिसत नव्हता आणि ती काढायलाही तयार नव्हती.

गुरुजींनी ओठ दाबले. दुसरीकडं बघितलं. तिकडं एक जण कमरेला उशीचा अभ्रा गुंडाळून बसला होता. मग त्यांना आवरेना. हातातला खडू पडला. ते हसले, आणि त्यांच्यामागून अख्खी शाळा हसली. पोट दुखेपर्यंत. काय झालं म्हणून शेडांतून बायका धावत आल्या. गुरुजींना हसताना बघून त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या आणि रडता रडता हसायलाही लागल्या. माळावरचं ते पहिलं हसू.

त्या ॲनिमेच्या चौथ्या भागात असंच आहे. राखेनं त्या पोरींचे कपडे खराब होतात. त्यांना लग्नाच्या कपड्यांचं एक बंद दुकान सापडतं, आणि मग दोघी नवरीचे जरीचे कपडे घालून राखेखाली उरलेले मुळे उपटतात.

"आई, यात मोठा अर्थ आहे," मुलगी मला समजावू लागली. "म्हणजे ते कपडे म्हणजे..."

"कशाचा अर्थ? दुसरे कपडे नव्हते म्हणून घातले!" मी म्हणाले. "तू बघ गप."

सातवा भाग मात्र मी दोनदा बघितला. त्यात उंच मुलगी एका संध्याकाळी खूप उदास असते. ठेंगणी तिला समजवायला जाते. सगळं ठीक होईल, मी आहे ना, माझी माणसं ती तुझी माणसं, असं बोलते. उंच मुलगी उठते आणि दिवसभर खपून तापवलेलं सगळं पाणी मोरीत ओतून देते.

आमचंही असं झालं होतं. एक दिवस ती एक लहानसा कोट उसवत होती. कॉलरच्या आत एक पट्टी निघाली. त्यावर कुणीतरी हातानं, बारीक टाक्यांनी, लेकराचं नाव भरलं होतं. अक्षरं परकी, आम्हाला वाचता येईनात. पण आईनं भरलंय, एवढं कळत होतं. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता आपण काहीतरी मोठ्या माणसासारखं बोललं पाहिजे. बायका बोलायच्या तेच मी बोलले.

"रडू नको. माझी आई ती तुझी बी आईच की."

तिनं ब्लेड भिरकावलं. "तुझी आई तुझी. माझी आई माझी. मला तुझ्यातली वाटून नको."

त्या दिवसापासून बोलणं बंद. पत्र्याचं भोक तिनं चिखलानं बुजवून टाकलं. आठ दिवस मी रडकुंडीला आले. माझं काय चुकलं तेच कळेना. आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तू कायबी बोलूच नको. जाऊन नुसती बस."

मी गेले. तिच्यासमोर बसले. एक कोट ओढून घेतला आणि उसवायला लागले. ती बघेना, मी बोलेना. चाचा मशीन फिरवत होते, त्यांनीही मान वर केली नाही. अख्खी एक बाही उसवून झाली. मग ती खाली बघतच म्हणाली, "माझ्या अम्मीला शिवता येत नव्हतं. टेलरची बायको, आणि सुईत दोरा बी ओवता येत न्हाय. अब्बाचं बटण तुटलं तर अब्बाच लावायचे."

आणि ती हसली. मशिनीमागं चाचाही हसले. मग ती रोज अम्मीची एकेक गोष्ट सांगू लागली. कुठली म्हैस तिला भ्यायची, कुठल्या ईदेला तिचा शीरखुर्मा करपला. मी नुसती ऐकायची. ज्या बाईशी मी कधी बोलले नव्हते, ती मला पाठ झाली.

माझी मुलगी विचारते, तुला हेच ॲनिमे एवढं का आवडलं, मी तुला कितीतरी दाखवले. तिला मी आधी नीट सांगू शकले नाही. आता जरा सांगता येतं. जग बुडतं त्याचे सिनेमे मीही बघितलेत. त्यात कुणीतरी एक जण जग वाचवतो. आमचं कुणी वाचवलं नाही. जे गेलं ते गेलंच. आम्ही फक्त पाणी भरलं, टाके कापले, भांडलो, भाकरी खाल्ली. ह्या गोष्टीतल्या दोघीही एवढंच करतात.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला बोलले नव्हते. लहानपणी मी सगळ्यात जास्त हसले ती त्या पत्र्याच्या शेडात. हे बोलायचं कसं? दरवर्षी तो दिवस आला की माणसं माईक घेऊन येतात आणि तेव्हा काय वाटलं ते विचारतात. त्यांना काय सांगू, की मला तिथं जन्माची मैत्रीण मिळाली आणि आम्ही लई मजा केली? शेजारच्या दारात कुणाची लेकरं गेलेली. लाज वाटायची. वाटायचं, आपल्यातच काहीतरी वाईट आहे. मग चाळिशी उलटल्यावर, भर दुपारी, कुठल्या परक्या देशातल्या कुणीतरी काढलेल्या चित्रातल्या पोरी राखेत बसून खिदळताना दिसल्या आणि मला वाटलं, म्हणजे हे असतंच. माणसाचं असंच असतं.

पुढं नवं गाव बसलं. सिमेंटची घरं, रुंद रस्ते. आमचं घर गावाच्या ह्या टोकाला, त्यांचं त्या टोकाला. पण मी रोज चाचांकडं जायची. त्यांनी मला ब्लाऊजचं कटिंग शिकवलं. त्यांच्या लेकीला शिवणाचा राग. ती म्हणायची, मी आयुष्याचं उसवून घेतलंय. ती शिकली, शिक्षिका झाली, लग्न होऊन सीमेपलीकडं बसवकल्याणला गेली. मी धाराशिवला आले. भांडण नाही, तंटा नाही, नुसते संसार. चाचा गेले तेव्हा भेटलो. त्यानंतर मोबाईलवर रोज सकाळी ती मला गुलाबाचं चित्र पाठवायची आणि मी तिला सूर्याचं. बोलणं नाहीच.

सातवा भाग बघून मी तिला फोन लावला. तिनं उचलला आणि पहिलं वाक्य विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी न्हाय गेलं. एक कार्टून हाय, ते बघ."

"काय?"

"कार्टून. जपानी."

"डोकं ठिकाणावर हाय का गं? मुख्याध्यापिका हाय मी."

"मग मुख्याध्यापिका होऊन बघ. पण बघ."

तीन दिवसांनी तिचा फोन आला. सकाळी सकाळी, मी चहा गाळत होते. ती नुसती ओरडत होती. "पाणी ओतून दिलं गं तिनं! सगळं पाणी! एवढं तापवलेलं!" मग म्हणाली, "शेवटचे दोन भाग ऱ्हायलेत. ते मी एकटी बघणार न्हाय. मी यायली."

आणि खरंच आली. उमरग्याला गाडी बदलून, हातात शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा. केस पांढरे झालेले, कानात लहानपणापासूनचे तेच बारीक झुमके. दारातच म्हणाली, "किती जाड झालीस!" मी म्हणाले, "तू काय कमी हायस?" माझी मुलगी आमच्याकडं बघत राहिली. तिनं मला असं बोलताना कधी बघितलंच नव्हतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. कटिंगच्या टेबलावर मोबाईल ठेवला, मधे पोळ्या. दोन बायका ब्लाऊज न्यायला येऊन गेल्या. त्यांना आतूनच सांगितलं, उद्या या.

शेवटी असं होतं की राख थांबते. रेल्वे परत येते. सगळी माणसं खाली उतरतात. उंच मुलीची आई, ठेंगणीचा बाप, शेजारीपाजारी, सगळे. न्हाणीघराचा मालक न्हाणीघर ताब्यात घेतो आणि दोघी आपापल्या घरी जातात.

संपलं तेव्हा तिनं मोबाईल टेबलावर पालथा घातला. मग म्हणाली, "चुकलं. सगळे परत आले हे चुकलं. असं होत न्हाय."

"काढणाऱ्याला दया आली असंल," मी म्हणाले.

तिनं पोळीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. "मग असू दे," ती म्हणाली. "दया आली तर असू दे."

माझ्या मुलीनं तिला विचारलं, "मावशी, आई म्हणते तुम्ही दोघी त्या शेडात सगळ्यात जास्त हसलात. खरं का?"

"खरं की. आणि तुझ्या आईला एक ठाऊक न्हाय." ती माझ्याकडं वळली. "अब्बा मला गप्प बसवत नव्हते, आठवतंय? तू रात्री पत्र्याला तोंड लावून काय बी बडबडायचीस, मी बडबडायची. एकदा मी त्यांना विचारलं, आमचा तरास होत न्हाय का? तर म्हणाले, तुमी दोघी बोलत असला की मला झोप लागती. गप्प झाला की जाग येती."

हे मला माहीत नव्हतं. चाचांनी मला दहा वर्षं शिवण शिकवलं, पण हे कधी बोलले नाहीत. मी उठून पाण्याचा तांब्या आणायला आत गेले आणि जरा वेळानंच बाहेर आले.

ती दोन दिवस राहिली. जाताना बसस्टँडवर माझ्या मुलीला म्हणाली, "आता दुसरं सांग. पण जग संपायचं नको. एकदा बास झालं." मुलीनं तिला फुटबॉलचं एक सांगितलं. त्याचे भाग इतके आहेत की ते बघता बघता आम्ही म्हाताऱ्या होऊ.

आता रोज चार वाजता, तिची शाळा सुटली की फोन येतो. ती तिकडं मोबाईल लावते, मी इकडं लावते. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोघींनी एकदम बटण दाबायचं. ती दर वेळी जरा आधी दाबते, त्यामुळं गोल झाला की आधी ती ओरडते आणि मला काय होणार ते आधीच कळतं. मी चिडते. ती म्हणते, तुझंच नेट हळू हाय. परवा आमची ऑफसाईडवरून जुंपली. दोघींनाही ऑफसाईड म्हणजे काय ते माहीत नाही, तरी अर्धा तास भांडलो. शेवटी तिनं फोन ठेवून दिला, आणि पाच मिनिटांनी परत लावला, की भांडण राहू दे, पण गोल मोजला का नाही ते सांग.